हिराकाकीची शेड

पंचायतीत एक टर्म काढली ना, की कामं बोटावर मोजण्याइतकी आणि किस्से पोतंभर! मी हमरापूरकडच्या एका ग्रामपंचायतीत मेंबर होते. महिला राखीव जागा आली, नवऱ्याने फॉर्म आणला आणि मी निवडून आले. आता टर्म संपली. चार जणी चहाला जमलो की हसायचे किस्से मीच सांगते. पण हसता हसता गाडी हिराकाकीवर येते, आणि मग चहा तसाच राहतो.

हिराकाकी आमच्या वॉर्डातली, जन्मभर मिठागरात राबलेली. तिचा एकुलता एक संतोष ऐन श्रावणात गेला. आमचं स्मशान खाडीच्या कडेला, उघड्यावर. त्या दिवशी पाऊस असा की चिता धरेना. शेवटी गणपतीच्या कारखान्यातून मूर्ती झाकायची ताडपत्री आणली आणि पोरांनी कोपरे धरून ती वर ताणली. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. पण काकी बांधावर उभी राहून बघत होती. पेटलेलं, विझलेलं, पुन्हा डिझेल ओतलेलं. आईने बघू नये ते तिने सगळं बघितलं.

तेव्हापासून तिची एकच मागणी. "तितं वर पत्रे घाला. दुसऱ्या कुनाचा पोर असा भिजाया नको."

*

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. आमच्याकडे ऑगस्टात गावभर गणपतींचं रंगकाम, श्वास घ्यायला फुरसत नसते. कोरम होईना, सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे गावाला तोंडपाठ, म्हणून पहिल्या सभेला कोणी येतच नाही! मी वैतागले. म्हटलं, माणसं येत नाहीत ना, मग सभाच कारखान्यात नेऊ.

नेली. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, दोन गणपतींच्या मध्ये पाटावर बसले. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी ब्रशसकट हात वर केले, आणि भाऊसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर गुलाबी शिंतोडे! सरपंच डोकी मोजत म्हणाले, "गणपती धरले तर कोरम झाला बघा."

हशा पिकला. हसणं ओसरलं तशी काकी उठली आणि पत्र्यांचं बोलली. एक म्हातारा कारागीर म्हणाला, बाप्पासमोर तो विषय नको गो. झालं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि पुन्हा रंगवायला घेतलं. मला इतका संताप आला, पण काढायचा कोणावर?

*

मग आम्ही पेणला पंचायत समितीच्या साहेबांकडे गेलो. साहेब भला माणूस. पण तोंडाला सरकारी भाषेची सवय लागलेली. त्यांनी विचारलं, "या कामाचे लाभार्थी किती?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी सरपंचांकडे. काकी खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिथूनच म्हणाली, "सगलेच. तुमी पन."

साहेबांनी पाणी मागवलं.

*

माझं माहेर रोह्याजवळचं वरसे. तिकडे स्मशानाला चांगली शेड आहे असं मी काकीला बोलून गेले. झालं, "दाखव मला." एसटीने निघालो. काकीने भाकरी आणि सुकट बांधून घेतली. स्मशान बघायला डबा घेऊन जाणाऱ्या आम्ही दोघीच असू!

तिथे ती शेडखाली वर बघत बराच वेळ उभी होती. खांब चाचपले. मुलगी द्यायच्या आधी घर बघतात ना, तसं बघत होती. मग माझ्या माहेरी गेलो, तर वहिनीने दारातच थांबवलं आणि मागल्या अंगणात आंघोळीचं पाणी काढलं. स्मशानातून आलेलं माणूस तसंच आत कसं घ्यायचं?

काकी अंगावर पाणी घेता घेता म्हणाली, "पोर गेल्यापास्ना मी तितंच हाय गो. कितींदा आंघोल करू?"

वहिनी आत जाऊन रडली. मीही रडले.

*

शेड झाली. किती चकरा मारल्या ते विचारू नका. चौथरा व्हायचा होता, खाली मातीच होती, पण वर पत्रे चढले. आणि आता उद्घाटन!

आमच्याकडे बसथांब्याच्या बाकड्यालाही नारळ फुटतो. पण स्मशानाच्या शेडला शुभ हस्ते कोणाचे लावणार? सरपंचांच्या घरात लग्न निघालं होतं. उपसरपंचांची कंबर धरली. साहेबांना मीटिंग. भाऊसाहेब म्हणाले, मी पडलो सरकारी माणूस. राहता राहिले मी. माझी पोरं लहान, माझाही हात पुढे होईना.

काकीने माझ्या हातातला नारळ घेतला. म्हणाली, "माज्या घरात आता काय व्हायचा रायलाय?"

ती बांधावरून खाली उतरली. बाई स्मशानात चालली म्हणून कोणी अडवलं नाही. संतोषला जिथे ठेवलं होतं, शेड बरोबर तिथेच उभी होती. तिने नारळ फोडला आणि खाडीवरून जोराची सर आली. सरपंच गाडीत शिरले, बाकीचे झाडाखाली पळाले. इतकी मोठी कोरी शेड समोर, पण तिच्याखाली कोणी जाईना.

काकी एकटीच आत. ती खाली बसली. जमिनीवरून हात फिरवत राहिली. मला राहवेना. छत्री घेऊन मी उतरले आणि म्हटलं, काकी, चल घरी.

तिने तळवा माझ्यापुढे धरला. त्याला धूळ लागली होती.

"कोरडी हाय गो," ती म्हणाली. "तू जा. मी बसतंय जरा त्याच्याजवल."