इंग्रजीतली तीट

निजामाच्या राज्यात नांदेडच्या आमच्या मुलींच्या शाळेत इंग्रजीसुद्धा उर्दूतून शिकवत. एकदा उस्तानींनी, म्हणजे आमच्या बाईंनी, फळ्यावर 'अग्ली' हा शब्द लिहिला, अर्थ सांगितला 'बदसूरत', आणि उद्या त्याचं वाक्य करून आणायला सांगितलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला. मी फणफणत घरी आले आणि आईला सांगितलं.

आई चक्क खूश झाली. माझ्याआधीची तिची तीन देखणी लेकरं पाळण्यातच गेली होती. मला तरी नजर लागू नये म्हणून ती जन्मापासून माझ्या गालाला काजळ फासायची आणि चारचौघांत मला घुबड म्हणायची.

"आता इंग्रजीतून बी म्हणून राहिल्या का? लई चांगलं झालं," ती म्हणाली. "म्हणू दे रोज."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी मी हात वर केला. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. मी म्हणाले, माझी तीन भावंडं सुंदर होती, ती गेली. मी अग्ली आहे आणि इथे उभी आहे.