परातीतला बर्फ
मासळीच्या बर्फावरच्या ओल्या भुशाचा वास आला की थंडीतली ती सकाळ आठवते. कॅलेंडरवरच्या हिमालयासारखा बर्फ आम्हाला हवा होता, म्हणून वडिलांनी बंदरावरून लादीचा तुकडा आणला. आईने तो परातीत फोडून खेळायला दिला. तो टिकावा म्हणून मी मासेवाल्यांसारखं खडेमीठ घातलं आणि मिठाने तो अधिकच गार झाला. धाकट्या बहिणीने आत हात खुपसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "माजी बोटां खंय गेली गो?" बोटं पांढरी पडली होती, चिमटा काढला तरी तिला कळेना. मी आईला हाक मारली. आईने तिचे हात कोमट पेजेत बुडवले. ती गप्पच. मग एकदम किंचाळली. "रडतंस मां? मगे आसत बोटां," म्हणत आई मटकन बसली. अजूनही मूल रडलं तर मी घाबरत नाही. गप्प झालं की हातातलं काम टाकून उठते.