साहेबांच्या आवाजात काढलेला प्लग

आमच्या फौंड्रीत मालकानं कामगारांच्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी पार्किंगच्या भिंतीला एक प्लग बसवला. गाड्या सहा. दुसऱ्याच दिवशी प्लगखाली हेल्मेटांची रांग लागली, नळाला घागरी लागत्यात तशी. ज्याचं हेल्मेट पुढं, त्याचा नंबर पुढं. एका गाडीला दोन तास, आणि दुसऱ्याच्या चार्जरला हात लावायचा न्हाय. मधनंच काढा म्हणायचा हक्क एकट्या साहेबांना, म्हंजे आमच्या मॅनेजरना. ते टाइम ऑफिसच्या माइकवरनं बोलायचे, की सगळी फौंड्री गप.

साहेबांचा आवाज मला बरोबर जमायचा. हा नाद पेठ वडगावच्या शाळेपासनं. हेडसरांच्या आवाजात मी एकदा तीन वर्ग घरी सोडलेत.

त्या दिवशी सहाला इचलकरंजीत नकलांची स्पर्धा हुती. माझं पहिलं स्टेज. चार दिवस मी कंपनीत सगळ्यांची डोकी खाल्लीती. आणि गाडीत चार्ज बारा टक्के. सकाळी उशिरा आलेलो, त्यामुळं हेल्मेट मागं. दोनला आमच्या म्हाताऱ्या फिटरची, मामांची, गाडी लागली, त्यांच्यामागं मी. त्यांचे दोन तास चारला संपणार, साडेचारला सुट्टी. अर्ध्या तासाच्या चार्जवर इचलकरंजी कुठली?

अडीचला टाइम ऑफिसचा क्लार्क चहाला गेला. मी आत शिरलो आणि माइक दाबला.

"फिटर, गाडी काढा. पुढच्याला लावू द्या." आणि शेवटी साहेबांसारखा घसा खाकरला.

खिडकीतनं बघतोय तर मामा हात पुसत आले. घड्याळ बघितलं, स्पीकरकडं बघितलं. वाटलं, आता बोंबलणार. पण न्हाई. आपला चार्जर गुंडाळला, माझं हेल्मेट उचलून माझ्याच गाडीच्या आरशाला अडकवलं, आणि हुकाला लटकवलेल्या पिशवीतला माझा चार्जर काढून स्वतःच्या हातानं जोडला. मी तिथं पोट धरून हसत हुतो.

साडेपाचला हातकणंगल्याच्या अलीकडं, चढावर, एक माणूस गाडी ढकलत चाललेला दिसला. पाठ वळखीची. मी ब्रेक मारला आणि गारच पडलो.

"मामा, काय झालं?"

"व्हायचं काय. बॅटरी संपली. तू जा, तुझी स्पर्धा हाय न्हवं?"

"साहेबांनीबी काय, अर्ध्या तासात काढायला लावायची गाडी?" मी म्हटलं. तवाबी खोटंच.

मामांनी गाडी स्टँडला लावली, कपाळ पुसलं.

"साहेब आज पुण्याला गेल्यात. सकाळी मीच त्यांची ब्याग गाडीत ठेवली."

 इतके आवाज काढतो मी, त्या रस्त्यावर माझा स्वतःचाबी निघंना.

"मग... म्हाईत हुतं तर काढली कशाला?"

"नुसता येऊन बोलला असतास तरी दिली असती की. माइकवरनं मागितलंस, तवा म्हटलं, पोराची नड मोठी दिसती." आणि गाडी परत ढकलायला लागत म्हणाले, "आणि लेका, साहेब घसा आधी खाकरत्यात. तू मागनं खाकरलास."

ह्यो माणूस माझ्या बापापेक्षा मोठा. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मला नक्कल दुरुस्त करून देतोय. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बसा गाडीवर," मी म्हटलं.

"उशीर हुईल तुला."

"बसा म्हटलं न्हवं."

मी माझ्या गाडीवरनंच त्यांच्या मागच्या फूटरेस्टला उजवा पाय लावला आणि ढकलत निघालो. मामांचं गाव दोन मैलावर, पण पाय घसरतोय, मागनं उसाचे ट्रॅक्टर. दारात पोचलो तवा सहा वाजून गेलते. मामी पाणी घेऊन आल्या. मामांनी त्यांना एवढंच सांगितलं, "बॅटरी संपलेली. ह्या पोरानं आणलं."

मी तांब्या तसाच खाली ठेवला.

इचलकरंजीत माझा नंबर पुकारून झालेला. आलो परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकर वाजला. ह्या वेळी साहेबच. बोलायच्या आधी खर्र करून घसा खाकरला. लेथच्या पलीकडनं मामांनी माझ्याकडं बघितलं, आणि नुसतं गळ्याला बोट लावलं.