आबांचा डावा पाय

लोणावळ्याच्या बाजारात परवा एक चांभार चामड्याला चरबी चोळत होता. त्या वासासरशी मी तीस वर्षं मागे, फुटबॉलच्या मैदानावर जाऊन पोचलो.

आमच्या पुण्याच्या कॉलेजला फुटबॉल शिकवणारे आबा मूळचे मळवलीचे. चेंडूला ते स्वतः अशीच चरबी चोळत. त्या दिवशी लोणावळ्यात रेल्वेतल्या गोऱ्या साहेबांच्या संघाशी आमचा सामना होता. मध्यंतरात मी, संघातला हौशी नट, प्रिन्सिपॉलांसमोर लंगडत आबांची नक्कल केली. "आरं, चेंडू काय तुजा सासरा हाय व्हय? घाल की लाथ."

प्रिन्सिपॉल डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "खरंच असं बोलतात? कॉलेजला हे शोभत नाही."

मागे आबा लिंबाच्या फोडी घेऊन उभे होते. पहिली फोड त्यांनी माझ्याच हातावर ठेवली. "डावा पाय आजून वडायचा, लेका. मी लय वडतो."

पुढच्या मोसमात टाय लावलेले नवे सर आले. आबा मळवलीला भातशेतीवर परत गेले. मी भेटायला गेलो नाही.

नक्कल मात्र अजून करतो, डावा पाय अगदी त्यांनी सांगितला तसा ओढून. नेमकी तिथेच टाळी पडते.