राठोडकाकांचे उडायचे पैसे

पुसदला इतकी वर्षं वकिली करून काय कमावलं, असं कुणी विचारलं तर मी खुशाल सांगते, किस्से! माझं ऑफिस तहसीलच्या मागच्या गल्लीत. समोर चहाची टपरी आणि टपरीवर रोज सकाळी माजी सैनिकांची बैठक. कोणी सुभेदार, कोणी हवालदार, कोणी नुसता शिपाई. चहा टपरीवरचा पितात, पण बसायला खुर्च्या माझ्या लागतात! त्यामुळे मला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही, ते घरपोच येतात. आणि अलीकडे त्यातले निम्मेअधिक एकट्या धनसिंग राठोडकाकांचे असतात.

काका डोंगराकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. पंचाहत्तरी ओलांडलेली, तरी पाठ ताठ. पहिल्यांदा माझ्याकडे आले ते ऐन मे महिन्यात, दुपारी, अंगात ब्लेझर आणि छातीवर मेडल्स! मी पंखा वाढवला, पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "बाई, मले उडाचे पैसे पाहिजेत."

मी जरा दचकलेच. म्हटलं, "काका, ह्या वयात पैसे उडवायचे? काकूंना माहीत आहे का?"

"उडवाचे नाही वो!" काका कळवळून म्हणाले. "उडाचे! विमानात उडाचे!"

*

मग सगळं कळलं. काका फौजेत रसद पुरवणाऱ्या तुकडीत होते. एकाहत्तरच्या लढाईत पुढे गेलेल्या, रस्ता तुटलेल्या जवानांना विमानातून पीठ, डाळ, गोळ्या टाकाव्या लागत. विमान चालवणारे हवाई दलाचे, पण मागे उभे राहून माल खाली ढकलणारे हे फौजेचे. अशा उड्डाणांचा वेगळा भत्ता असतो. काकांच्या टोळीचा तो राहूनच गेला. लढाई संपली, टोळी पांगली, काका पेन्शन घेऊन तांड्यावर आले आणि शेतीला लागले. मग कुठल्याशा मेळाव्यात दुसऱ्या टोळीतला एक जण बोलता बोलता म्हणाला, आम्हाला तर मिळाला!

"इतकी वर्षं तुम्ही विचारलं का नाही?" मी म्हटलं.

"मले वाटलं, उडणं पगारातच असते!"

माल नेमका कसा ढकलायचे, हे अर्जात लिहिण्यासाठी मी विचारलं, तर काका तोंडानं सांगेनात. ब्लेझर काढून खुर्चीवर ठेवला आणि सरळ माझ्या ऑफिसच्या फरशीवर उताणे झाले! दोन्ही पाय फायलींच्या लोखंडी कपाटाला लावले. "असं पडाचं. पोते दाराच्या तोंडाशी. दाराले दारच नाही, काढून ठेवलेलं. पायलट साहेब घंटी वाजवते. घंटी झाली का..."

कपाट धाडकन सरकलं आणि भिंतीवर आदळलं. वरच्या फायली खाली आल्या. टपरीवरचे सगळे धावत आले. त्यांना वाटलं, अशील वकिलाला मारून राहिला!

काका मात्र उठून शांतपणे ब्लेझर घालत होते. "एकाच लाथेत गेलं पाहिजे, बाई. दुसऱ्या लाथेले टाइम नसते. तोवर विमान पुढं निघून जाते, अन् पीठ दुश्मनाच्या घरी!"

*

काकांच्या बायकोचं नाव सकरीबाई. तांड्यावर सगळे त्यांना याडी म्हणतात, याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणते. एकदा सही घ्यायला काकांना बोलावलं, तर याडीही सोबत आल्या. मी अर्ज वाचून दाखवत होते. बिनदाराचं विमान, खालून गोळीबार, कमरेला बांधलेला एक पट्टा, असं सगळं त्यात होतं.

वाचता वाचता वर पाहिलं तर याडींचा चेहरा लाल!

लढाई लागली तेव्हा लग्नाला थोडेच दिवस झालेले. काकांनी घरी एवढंच कळवलं होतं, की मी रेशनच्या खात्यात आहे. याडी तेव्हापासून तांडाभर सांगत होत्या, "माह्या मालकाले काई धोका नाही, ते पीठ-मीठ वाटतात!" दुसऱ्यांचे नवरे सीमेवर म्हणून त्या बायका रडायच्या, आणि त्यांची समजूत घालायला याडी जायच्या!

"खोटं कुठं सांगतलं?" काका पुटपुटले. "पीठच वाटत होतो."

"वरून वाटत होते, हे काहून नाही सांगतलं?"

लढाईतून सुखरूप आलेला माणूस माझ्या ऑफिसात पुरता घेरला गेला होता. शेवटी याडी माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत.

"बाई, लिहा त्यायले. मी तवा भेली नाही, म्हणून आता भिऊन राह्यली. ह्यायले उडाचे पैसे द्या, अन् मले भ्याचे वेगळे द्या!"

*

नागपूरला फौजेच्या हिशेबाच्या ऑफिसात सुनावणी होती. समोरचे साहेब वयानं काकांच्या नातवाएवढे, पण बोलायला अतिशय सभ्य. काकांना आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, मगच कागद उघडले.

"बाबा, रेकॉर्डनुसार तुमची तुकडी जमिनीवरची आहे. तुम्ही वर होता असं त्यात दिसत नाही."

काका उठून सावधानमध्ये उभे राहिले. "साहेब, मी जमिनीवर असतो, तं जमीन मले येवढीशी काहून दिसली असती?" आणि अंगठा आणि बोट जुळवून केवढीशी ते दाखवलं!

साहेब हसले, टायपिंग करणाऱ्या बाई हसल्या. हसून झाल्यावर साहेब म्हणाले, "माझा विश्वास आहे, बाबा. पण माझ्या विश्वासावर पैसे सुटत नाहीत. तुम्हाला वर पाहिलेलं एखादं माणूस आणा."

परतीच्या बसमध्ये मी नाराज होते. काका खूश! "साहेब 'नाही' कुठं म्हणाले? माणूस आणा म्हणाले. माणूस शोधणं तं सोपं आहे."

*

माणूस शोधायला आम्ही यवतमाळच्या माजी सैनिक मेळाव्यात गेलो. तिथे केळापूरकडचे मडावीबाबा भेटले. हे पायदळातले. त्याच लढाईत त्यांची कंपनी रस्ता तुटून अडकली होती आणि विमानानं टाकलेल्या पिठावर जगली होती. हे ऐकल्याबरोबर काकांनी त्यांचा हातच धरला.

"तुमच्याइथं पोत्यासंगं एक बूट पडलता का? डाव्या पायाचा?"

काय झालं होतं, की एकदा लाथ जरा जास्तच जोरात बसली आणि पोत्याबरोबर काकांचा बूटही खाली गेला. त्या दिवशी ते एका पायात बूट घालून परतले होते.

मडावीबाबांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. "नाही बावा. बूट नाही पाह्यला."

"नीट आठवा. काळा होता."

"फौजेत सगळेच काळे असतात!"

काकांचा चेहरा उतरला. ते पाहून मडावीबाबा लगेच म्हणाले, "पण तुमचं काम होत असन, तं मी लिहून देतो. पडलता म्हणतो. माह्याच डोक्यावर पडलता म्हणतो!"

खरं सांगते, वकील म्हणून माझ्याही मनात क्षणभर आलं, चाललं असतं! पण काकांनी त्यांचा हात सोडला. "नको. एवढ्याशासाठी तुमच्या तोंडून खोटं नको."

मडावीबाबांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मग मला म्हणाले, "मॅडम, खरं तेवढं लिहा. लिहा, का तीन दिवसाचा उपाशी होतो, अन् वरून पडलेलं पीठ मी खाल्लं. टाकणाऱ्याचं तोंड दिसलं नाही. पण कोणीतरी टाकलं, म्हणून मी हे सांगाले जिवंत आहे."

मी ते प्रतिज्ञापत्रात जसंच्या तसं घातलं. वाचून नोटरीनं मला विचारलं, "मॅडम, हे कायद्यात बसतं?" मी म्हटलं, "तुम्ही शिक्का मारा!"

*

बैठकीतल्या मंडळींनी चेष्टेत काकांचं नाव 'पायलट' ठेवलं होतं. २६ जानेवारीला तांड्याच्या शाळेत झेंडावंदन होतं. गुरुजींनी हे नाव कुठूनतरी ऐकलेलं. त्यांनी माइकवर दणक्यात सांगितलं, "आपल्यामध्ये उपस्थित आहेत, लढाऊ विमानाचे वैमानिक, धनसिंग राठोड!"

टाळ्यांचा कडकडाट! काका उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "पोट्टेहो, मी वैमानिक नाही. विमान साहेब चालवत. मी लाथ मारे."

पोरांनी पहिल्यापेक्षा दुप्पट टाळ्या वाजवल्या!

*

शेवटी माणूस सापडला. सैनिकांच्या फोनवरच्या ग्रुपमधून ग्रुपमध्ये निरोप फिरत गेला आणि डेहराडूनहून एका बाईंचा फोन आला. काकांचं विमान चालवणारे साहेब त्यांचे वडील. पण आवाजात संकोच होता. "पापा को अब कुछ याद नहीं रहता."

तरी व्हिडिओ कॉल ठरला. माझ्या टेबलावर फोन उभा केला. समोर काका आणि याडी, मागे अख्खी बैठक. स्क्रीनवर एक गोरेपान म्हातारे गृहस्थ, गळ्यात मफलर, नजर कुठेतरी लांब. काकांनी सॅल्यूट ठोकला, नाव सांगितलं, तुकडी सांगितली. साहेब नुसते बघत राहिले. मुलीनं कानाशी जाऊन दोनदा सांगितलं. काही नाही.

काका खाली बसले. मी फोन बंद करायला हात पुढे केला. तेवढ्यात काका ताडकन उठले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की टपरीवरचं कुत्रं उठून पळालं.

"साहब! माल खलास! घुमा लो!"

साहेबांची मान झटक्यात वळली.

"दरवाज़े से हट, राठोड! गिरेगा तो तेरी घरवाली को मैं क्या जवाब दूँगा?"

डेहराडूनला त्यांची मुलगी रडायला लागली होती. आणि याडींनी, ज्यांच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं त्या घरवालीनं, फोनकडे पाहून हळूच पदर पुढे ओढून घेतला.

मुलीनं लिहून घेतलेला आणि साहेबांनी सही करून दिलेला जबाब आम्ही नागपूरला दिला.

*

काकांचे पैसे मंजूर झाले. त्या तरुण साहेबांनी स्वतः फोन करून कळवलं. बैठकीनं पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर! पुन्हा ब्लेझर.

"बाई, माह्यं झालं. आता जोसेफचं करा."

हे नाव आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. जोसेफ केरळचा. काकांच्याच टोळीतला. त्यांच्यात दोन जोड्या होत्या, आळीपाळीनं जायच्या. लढाईच्या अखेरीला एका सकाळी जोसेफची पाळी होती. काका खाली, ट्रकमधून पोती उतरवत होते. दुसऱ्या साहेबांचं ते विमान परत आलं नाही.

जोसेफच्या बायकोच्या नावानं अर्ज करायचा, तर तिची संमती हवी. मी म्हटलं, पोस्टानं मागवू. काका म्हणाले, "पोस्टानं नाही. मी जातो." सोबत याडीही गेल्या. पुढचं मला याडींनीच सांगितलं, माझ्या ऑफिसात, काका समोर बसलेले असताना.

नारळाच्या झाडांतलं छोटंसं घर. जोसेफची बायको म्हातारी झालेली, पांढऱ्या कपड्यांतली, सरळ बसलेली. तिची सून लग्नाआधी नागपूरला नर्स होती, त्यामुळे तिला थोडंफार मराठी, हिंदी येत होतं. ती मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. काकांनी अर्जाचं सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, सही केली. पैशाबद्दल एक शब्द विचारला नाही. जेवायला वाढलं. काका जेवत असताना ती समोर येऊन बसली आणि सुनेला काहीतरी म्हणाली. सून थांबली. सासूनं पुन्हा म्हटलं.

सून म्हणाली, "अम्मा विचारते, शेवटी ते घाबरले होते का?"

काकांनी घास खाली ठेवला. "नाही अम्मा. गाणं म्हणत होता."

सुनेनं ते सांगितलं. म्हातारी उठली आणि तिनं काकांच्या पानात अजून भात वाढला.

परतताना गाडीत याडींनी विचारलं, "तुमी तं त्या दिवशी खाली होते. तुमाले काय माहीत?"

काका खिडकीबाहेर बघत होते.

"जोसेफ रोजच गाये," ते म्हणाले. "त्याच दिवशी काहून बंद करन?"