स्किप म्हणजे पास

लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या विभागाचे हे प्रमुख. ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना हिरवेसाहेब म्हणत, कारण भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक टेस्टपुढे हिरवा ठिपका दिसल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. ठिपका हिरवा कसा झाला याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. ज्या टेस्ट चालवताच येत नसत, त्या स्किप होत. साहेबांनी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घालून स्किप म्हणजे पास असं ठरवून टाकलं. परीक्षेला न बसलेल्या पोराला वर ढकलणारे हे मास्तर! वीस वर्षांच्या नोकरीत कुणाला न विचारता त्यांनी एवढी एकच ओळ लिहिली.

टीममधल्या टेस्टरबाईंनी ते पकडलं.

"साहेब, बंद होणाऱ्या दारात हात आला तर दार मागे फिरतं का, ही टेस्ट एकदाही चाललेली नाही. आपल्याकडे सेन्सरच जोडलेला नाही. स्किप वेगळं दाखवू, पिवळं. शेजारी कारण लिहू. आणि ही चालल्याशिवाय सॉफ्टवेअर बाहेर सोडायचं नाही."

"पिवळं दिसलं की वरचे प्रश्न विचारतात. फेल झालीय का? नाही ना? मग नसती उठाठेव कशाला?"

बाईंनी लेखी दिलं. साहेबांनी ते ड्रॉवरमध्ये सारलं आणि त्याच दुपारी मंजुरीची सही ठोकली.

महिन्याभरात त्यांच्याच इमारतीत नवी लिफ्ट बसली. साहेब सहाव्या मजल्यावर राहतात. त्या सकाळी म्हाताऱ्या आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. बायकोने बटण दाबलं.

"तुमच्याच कंपनीची ना हो ही? चला आई."

साहेबांनी आईला दंडाला धरून मागे ओढलं. "जिन्याने जाऊ."

"सहा मजले? अहो, त्यांना दोन पायऱ्या उतरवत नाहीत."

"मी उचलून नेतो."

आणि खरंच नेलं. घामाघूम, धापा टाकत, आई पाठीवर. चौथ्या मजल्यावर शेजारीण मुलाला कडेवर घेऊन लिफ्टसाठी थांबली होती.

"बघ रे बाळा," ती कौतुकाने म्हणाली, "आईची सेवा करावी तर अशी."

साहेबांना तिला थांबवता आलं असतं. पण तिला सांगायचं तर उद्या ऑफिसातल्या वरच्यांनाही सांगावं लागणार. लिफ्टचं दार उघडलं. साहेब शेजारणीकडे बघून ओशाळं हसले आणि पुढची पायरी उतरले.