सुमनबाईंचं म्हणणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कोर्टातल्या बाररूममधल्या वकील मित्रांना नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी परभणीत वकिली करतो. संविधान दिनाला मला भाषणाला बोलावतात — मानवत, पालम, कुठंही. बरा बोलतो मी. आमच्या घरात घटनेचं पुस्तक उघडायच्या आधी वडील हात धुवायचे. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

सुमनबाई पेडगावच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. रोजानं शेतात जाणाऱ्या, आमच्याच समाजातल्या. समोरच्या घरातला एक तरणा माणूस त्यांच्या मुलीला येता-जाता अडवायचा. त्या त्याच्या बापाकडं तक्रार घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी हापशावर त्यानं त्यांना जातीवरून शिव्या दिल्या आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. उजवं मनगट मोडलं. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, तो आत गेला. सरकारी वकिलांच्या जोडीला आपलाही कुणी असावा, म्हणून सुमनबाई माझ्याकडं आल्या.

त्याच्या जामिनाची सुनावणी होती. त्याच्या बाजूनं उभे होते माझे सिनियर — ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते. व्हरांड्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज उगं ताणू नको. मला दुपारी नांदेडला जायचंय." एवढंच. धमकी नाही, लालूच नाही. मी मान हलवली.

मग सुमनबाई आल्या. प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवलेला.

"दादा, मला साहेबाला एवढंच सांगायचंय. त्याचं घर माझ्या दारासमोर हाय. पोरीला कॉलेजची बस धरायला त्याच्याच अंगणापुढून जावं लागतंय. त्यो सुटला तर आमी कुठनं जावं? सांगू का मी?"

त्यांना तो हक्क होता. जामिनाच्या वेळी पीडितेचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असं अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात स्पष्ट आहे. त्या बोलल्या नसत्या तर मी बोलायचं होतं. जामीन झालाच असता, तरी त्यानं गावाबाहेर राहावं अशी अट मागता आली असती. आणि मी काय म्हणालो?

"मावशी, तुम्हाला कोर्टात बोलता येत नाही. हक्क आरोपीला असतात. तुमच्यासाठी घटनेत तसं काही नाही."

त्यांनी विचारलं, "घटनेतबी न्हाई?"

"नाही."

घटनेचं नाव का घेतलं मी? दुसरं काही सांगितलं असतं, तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं. घटना म्हटल्यावर त्या गप्प बसणार — हे मला माहीत होतं. म्हणून घेतलं.

अजून आहे. आत न्यायाधीशांनी स्वतःहून विचारलं, फिर्यादीचं काही म्हणणं आहे का? सुमनबाई मागच्या बाकावर होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. मी उठलो. सिनियरांकडं पाहिलं. "विशेष काही नाही, साहेब," म्हणालो आणि बसलो.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब तुमाला काय इचारायले होते?"

"पुढची तारीख," मी म्हणालो.

जामीन झाला. तो गावात आला, त्याच घरात. बाज टाकून दारात बसायचा म्हणे. मुलीचं कॉलेज सुटलं. खटला उभा राहीपर्यंत साक्षीदार एकेक करून फिरले, आणि शेवटी पिंजऱ्यात उभ्या राहून सुमनबाईही म्हणाल्या, "मला काय आठवत न्हाई." माझ्याकडं न बघता म्हणाल्या. तो सुटला. बाररूममध्ये मी सगळ्यांना सांगितलं — फिर्यादीच फितूर झाली, वकील काय करणार?

गेल्या वर्षी मानवतला भाषण होतं. एका मुलीनं विचारलं, आरोपीला घटनेनं हक्क दिलेत, मग ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचं काय? मी छान उत्तर दिलं. जगण्याचा हक्क, सन्मानानं जगण्याचा हक्क, आणि त्यातच येणारा, प्रत्येक टप्प्यावर आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क. टाळ्या पडल्या. बोलताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. का नाही कापला?

परत येताना बसस्टँडवर सुमनबाई भेटल्या. गाव सोडून त्या आता मानवतला राहतात. कापसाच्या जिनिंगवर कामाला जातात. मुलगीही तिथंच जाते. मनगट वाकडंच जुळलंय. त्यांनीच मला हाक मारली, आग्रहानं चहा पाजला. सोबतच्या मुलीला म्हणाल्या, "पाया पड गं. हे आपले वकीलसाहेब. लय केलं यांनी आपल्यासाठी. कायद्यातच न्हवतं, तर हे तरी काय करतील?"

मुलगी वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.

चहा प्यायलो. बस लागली. मी चढलो.